मालकाचा रकाना

शांतलिंगनं आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेवढंच एक पत्र त्याला तोंडपाठ होतं.

पत्र लहान होतं. बार्शीहून आलेलं, इंग्रजी हद्दीतलं तिकीट लावलेलं. टाक इतका दाबून लिहिलं होतं की कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तरी अक्षरं हाताला लागायची.

'शांतलिंग यांस,

सहा सुटली. काळी मेली. ती तुमची होती, म्हणून तिच्यासाठी मी दुसऱ्या कुणाला सही करू दिली नाही. पाच दिवस वाट पाहिली. मला एकच विचारायचं आहे. त्या कागदावर मालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहिता आलं नसतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

शरणम्मा'

एवढ्यासाठी त्यानं वर्षभरात किती कागद वाया घालवले, त्याला गणती नाही. पहिलं उत्तर सात पानांचं झालं. त्यात करोडगिरीचे नियम होते, लढाईमुळं निघालेला हुकूम होता, आणि 'परंतु' हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत होता. ते त्यानं फाडलं. दुसरं तीन पानांचं, तेही फाडलं. खरं उत्तर एका अक्षराचं होतं, आणि ते अक्षर लिहायला त्याचा हात धजत नव्हता.

गोष्ट तेराशे त्रेपन्न फसलीतली, म्हणजे इंग्रजी हिशेबानं चव्वेचाळीस सालची. बोरखेड्याचा नाका मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, अगदी टोकाला होता. पुढं एक कोरडा ओढा, ओढ्यापलीकडं इंग्रजी हद्द, मग पांगरी आणि पुढं बार्शी. सरहद्दीवरून जाणाऱ्या प्रत्येक मालाची तपासणी करायची आणि दफ्तरात नोंद ठेवायची, हे नाक्याचं काम. त्यालाच करोडगिरी म्हणत. नाकेदार होते नारायणराव, आणि त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून शांतलिंग. हा उमरग्याकडचा. घरात कानडी बोलायचा, शाळेत उर्दू शिकला आणि टेबलाच्या खणात मराठी पुस्तकं लपवून वाचायचा. तीन भाषा येत होत्या, पण समोर एखादी तरुण मुलगी उभी राहिली की त्यातली एकही यायची नाही.

त्या दिवशी चैत्रातलं ऊन मी म्हणत होतं. नारायणराव आत घोरत होते. शांतलिंग खणातल्या पुस्तकात बुडाला होता, तेवढ्यात टेबलावर सावली पडली.

"फळी उचला. गाडी जाऊ द्या."

त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. तेवढ्यात त्याला एवढंच दिसलं, की कपाळावर विभूती आहे, केसांत कडुलिंबाचा मोहोर गळून अडकला आहे आणि डोळ्यांत सगळ्या जगावरचा राग आहे.

"गाडीत... काय आहे?"

"पुस्तक वाचता येतं ना तुम्हाला? मग गाडीतलं दिसतपण असंल."

गाडीतून सात कुत्र्यांनी एकदम त्याच्याकडं पाहिलं. पाठीमागं वेताच्या डालग्याखाली तीन मांजरं होती. ती ओरडत होती.

तिचं नाव शरणम्मा. बार्शीच्या एका आडत्याची मुलगी. तिची आत्या गौराबाई इकडं मोगलाईत, तालुक्याच्या कसब्यात राहायची. सुइणीचं काम करत तिनं हयात घालवली होती, आणि आता चार-पाच बायका जमवून तिनं मुक्या जनावरांची एक मंडळी काढली होती. रस्त्यावरची कुत्री-मांजरं आणायची, कापसाच्या पडक्या जिनमध्ये ठेवायची, बरी करायची आणि त्यांना घर शोधायचं. मांजरं बार्शीच्या धान्याच्या वखारींत उंदरांसाठी हवी असत, आणि कुत्री पांगरीच्या मळ्यांत राखणीला. कसब्यात मात्र सफाई कमिटीनं दवंडी पिटली होती. येत्या गुरुवारी कुत्र्यांना कुचल्याचे विषारी गोळे टाकणार.

"जनावर हद्दीबाहेर न्यायला परवाना लागतो," शांतलिंग म्हणाला. "लढाईमुळं. बैल, घोडी, मेंढरं..."

"ही बैलं हाईत का?"

"हुकुमात 'सगळी जनावरं' असं आहे."

"मंग तुम्ही कसं हिंडता इकडं-तिकडं?"

गाडीवान हरिबा खुदकन हसला. शांतलिंगनं छापील कागद पुढं ओढला. रंग, वय, खूण एवढं लिहून झालं. शेवटच्या रकान्यापाशी टाक थांबला.

"मालक?"

"न्हाय."

"नाही म्हणजे?"

"मालक असता तर ती माझ्या गाडीत कशाला बसली असती?"

"रकाना मोकळा ठेवता येत नाही."

"माझं नाव लिवा."

"मालक रियासतीचा रहिवासी पाहिजे, आणि तो इथं हजर पाहिजे. तुम्ही बार्शीच्या."

"हरिबाचं लिवा."

"म्या पांगरीचा," हरिबा म्हणाला. "माझी बैलंबी तिकडचीच."

शरणम्मानं चौफेर पाहिलं. रस्ता ओस होता. आतून नारायणरावांचं घोरणं येत होतं. तिची नजर फिरत फिरत शांतलिंगवर आली आणि तिथंच थांबली.

"तुमचं लिवा की."

टाकाच्या टोकावरची शाई वाळायला लागली. त्याला नोकरी आठवली, वडील आठवले, वरचे साहेब आठवले. उद्या कुणी विचारलं, की सात कुत्र्यांचा मालक नाक्याचाच कारकून कसा, तर? त्याचे कान तापले. त्यानं शाईत टाक बुडवला आणि सुरेख वळणदार उर्दू अक्षरात लिहिलं : बेवारस. सातही ओळींत. खरं तेच लिहिलंय, त्यानं स्वतःला समजावलं. खऱ्यानं कुणाचं काय वाईट होणार?

कागद वर गेला. परत येईपर्यंत चार दिवस लागणार होते. शरणम्मा माघारी जायला तयार नव्हती. माघारी कुचला होता. तिनं नाक्यासमोरच्या लिंबाखाली गाडी सोडली. दिवसभर तिथंच बसायची आणि झोपायला नारायणरावांच्या बायकोकडं जायची. मांजरांनी पहिल्याच संध्याकाळी डालगं उलथवलं. दोघी ओढा ओलांडून पसार झाल्या, तिसरी नाक्याच्या दफ्तरात शिरली.

"बघा," शरणम्मा म्हणाली. "त्यांना परवाना लागला न्हाय."

चार दिवस शांतलिंगनं खणातलं पुस्तक उघडलं नाही. घागरीनं पाणी आणायचा, ताक आणायचा, आणि देताना दुसरीकडंच बघायचा. कुत्र्यांत एक काळी कुत्री होती. पाठीवरचे केस जळून गेलेले. ती कुणाच्या हातचं खायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लंगडत रस्ता ओलांडून आली आणि टेबलाखाली शांतलिंगच्या पायावर हनुवटी टेकून झोपली. तो पाय हलवायला घाबरला. संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला.

शरणम्मा दारात येऊन उभी राहिली. "ती माणसाजवळ जात न्हाय. उकळतं पाणी वतलंय कुणीतरी तिच्या पाठीवर."

"मग माझ्याजवळ कशी आली?"

"तुम्ही माणसांत मोडत नसाल."

तो हसला. आवाज न करता, पण दात दिसले.

"हसलात? त्याला कागद लागत न्हाय का वरून?"

"उद्या अर्ज करतो," तो म्हणाला. आपण हे बोललो यावर त्याचाच विश्वास बसेना. ती वळून निघून गेली. पण लिंबाखाली पोचेपर्यंत तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती, एवढं त्याला दुरूनही कळलं.

पाचव्या दिवशी कसब्याचा शिपाई कागद घेऊन आला. शांतलिंगनं तो मनात वाचला. मग पुन्हा वाचला.

"मोठ्यानं वाचा," शरणम्मा म्हणाली. "मला उर्दू येत न्हाय."

"ज्या मालाला वारस नाही... तो सरकारचा. जनावरं कसब्याच्या कोंडवाड्यात जमा करावीत. पाच दिवसांत कुणी मालक म्हणून सही केली तर एका माणसास एक, याप्रमाणं सोडावीत. नाहीतर..."

"नाहीतर?"

"विल्हेवाट लावावी."

मग ती हळू आवाजात बोलायला लागली, आणि तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"जिथनं पळवून आणली, तिथंच तुम्ही त्यांना धाडलं. एका शब्दानं."

"मी खोटं कसं लिहिणार? ती खरंच बेवारस..."

"तीन दिवस तुमच्या पायावर डोकं ठिवून झोपली, ती बेवारस?"

शिपायानं सहा कुत्री गाडीत चढवली. काळी टेबलाखालून निघेना, शिपायावर गुरगुरली. नारायणराव आतून खेकसले, "शांतलिंगअप्पा, तुम्ही बोलवा तिला. तुमचंच ऐकते ना?" आणि शांतलिंगनं बोलावलं. भाकरीचा तुकडा पुढं धरला. ती त्याच्या हातची भाकरी खात खात गाडीत चढली, आणि गाडी हलली तरी शेपूट हलवत होती.

शरणम्मानं हे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो कोंडवाड्याकडं निघालाही होता. रजा न मागता, पहाटेच. अर्ध्या वाटेच्या पुढच्या विहिरीपर्यंत गेला. तिथं काठावर बसला. कोंडवाड्यातला कारकून आपल्याला ओळखतो, तो काय म्हणेल... असं मनात आलं, आणि तो माघारी फिरला. हे त्यानं पुढं कुणालाही सांगितलं नाही. पंधरवड्यानं ते पत्र आलं.

भित्र्या माणसाच्या रागाला बाहेर जायला दार नसतं. तो आतच फिरतो. वर्षभर शांतलिंगला सगळ्याचा राग येत होता. स्वतःच्या वळणदार अक्षराचा सगळ्यात जास्त. ज्या हातानं 'बेवारस' लिहिलं आणि ज्या हातानं भाकरी पुढं धरली, त्या हाताकडं जेवताना तो बघायचा नाही. टेबलाखाली पाय पसरताना आधी खाली वाकून पाहायचा. तिथं कुणी नसायचं.

पुढच्या साली फरवर्दी महिना, म्हणजे इंग्रजी फेब्रुवारी, लागला आणि एका बैलगाडीवाल्यानं बातमी आणली. कसब्यात सफाई कमिटी यंदाही उन्हाळ्यात कुचला टाकणार. शांतलिंग उठला. जुम्म्याची, शुक्रवारची सुट्टी होती. त्यानं टोपी घातली आणि चालायला लागला. विहीर आली तेव्हा त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पडक्या जिनच्या दारात एक म्हातारी पिलाच्या डोळ्यांत औषध घालत होती.

"गौराबाई तुम्हीच का? मी... नाक्यावरचा..."

"तू तो व्हय." तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझ्या पोरीच्या पत्राचं उत्तर आणलंस?"

"नाही. कुत्री मोजायला आलोय."

गौराबाई त्याच्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. "ती बार्शीला गेलीय. पंधरवड्यानं येईल. मोज बाबा. चुकलास तर परत मोज, तेवढीच तुला सवय होईल इथं यायची."

चौदा होती. त्यानं रंग, वय, खूण लिहून घेतली. नाक्यावर येऊन कागद भरला आणि मालकाच्या रकान्यात पहिल्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत स्वतःचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. हजर असलेला रहिवासी मालक. कागद वर गेला.

अकराव्या दिवशी परवाना आला. वर शिक्का, खाली सही. एक प्रश्न नाही, एक शेरा नाही. कारकून कसा मालक, चौदा कशाला, काही नाही. कुणी वाचलंसुद्धा नसावं.

शांतलिंगनं तो कागद उलटून पाहिला. इतकं सोपं होतं. ज्या साहेबांच्या भीतीनं त्यानं काळीला गाडीत चढवलं, त्या साहेबांना त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यानं शाईची दौत उचलून भिंतीवर फेकली. सबंध नोकरीत त्याचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. आतून नारायणराव धावत आले, भिंतीवरचा निळा डाग पाहिला, कारकुनाचा चेहरा पाहिला, आणि आल्या पावली परत गेले.

त्याच रात्री त्यानं उत्तर लिहिलं. एकाच बैठकीत, न फाडता.

चार दिवसांनी तो जिनवर गेला तेव्हा शरणम्मा दाराकडं पाठ करून भाकरी कुस्करत होती.

"कोण आलंय, आत्या?"

"मालक आलाय," गौराबाई म्हणाली.

शरणम्मा वळली. वर्षभरात तिचा राग जराही कमी झाला नव्हता. उलट तो आता तिच्या अंगावर नेहमीच्या लुगड्यासारखा बसला होता.

"उत्तर आणलंय?"

"परवाना आणलाय."

"परवाना कुणी मागितला होता?"

"आधी परवाना. मग उत्तर."

तिनं कागद हिसकावून घेतला. उर्दू ओळींवरून तिची नजर नुसतीच घसरली. "काय लिवलंय?"

त्यानं जवळ येऊन बोट ठेवलं. "हे माझं नाव."

"आन् हे?"

"तेच."

"आन् त्याच्या खालचं?"

"तेपण."

तिचं बोट एकेक ओळ उतरत शेवटपर्यंत गेलं. चौदाव्या ओळीवर ते थोडा वेळ थांबलं.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ती शेवटी म्हणाली. रागानंच म्हणाली.

हरिबानं गाडी जुंपली. कुत्री पाठीमागं, ही दोघं पुढं, आणि मधे एक आडदांड तांबडं कुत्रं, ते कुणाला सरकू देईना. कोसभर गाडी गेली.

"सही म्याच थांबवली होती," शरणम्मा एकाएकी म्हणाली. ती बैलांच्या शिंगांकडं बघत होती. "काळीसाठी. बांगड्यावाली तयार होती सही करायला. म्या म्हटलं, नको. तो येईल. म्हणून मेली ती. तुमच्यामुळं... आन् माझ्यामुळं."

"माहीत आहे. पत्रात ते होतं."

"म्या लिवलं नव्हतं तसं."

"टाक दाबला होता तुम्ही. त्या ओळीला कागद फाटला होता." तो थांबला. "मी निघालो होतो. विहिरीपर्यंत आलो, आणि परत गेलो."

तिनं झटक्यानं त्याच्याकडं पाहिलं. ती ओरडेल, गाडीतून उतरेल, काहीही करेल, असं त्याला वाटलं. तिनं तांबड्या कुत्र्याचा कान धरला आणि पिळत राहिली. कुत्र्यानं सोसलं.

"कुठली विहीर?" तिनं विचारलं.

थोडं पुढं गाडी त्याच विहिरीवरून गेली. त्यानं बोटानं दाखवली. ती मान वळवून, विहीर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.

"निम्म्याच्या पुढं आला होता की," ती म्हणाली.

नाक्यावर नारायणराव टेबलाशी बसले होते. उघड्या दफ्तरावर मागच्या साली इथं शिरलेली ती तिसरी मांजर झोपली होती. तिला उठवायला नको म्हणून ते तिच्या शेपटीच्या कडेनं लिहीत होते.

"चौदा कुत्र्यांचा मालक," परवाना उलटसुलट करत ते म्हणाले. "घरी आईला सांगितलंत का, शांतलिंगअप्पा? आजपासून या रस्त्यावर प्रत्येक गाडीवान तुम्हाला कुत्रेवाला म्हणणार."

"म्हणू द्या."

"आणि ही मांजर? हिचा कागद कुठं आहे?"

"ती इथलीच रहिवासी आहे, साहेब. मालकही हजर आहे."

नारायणरावांनी चष्म्यावरून पाहिलं. मग खाली बघून शिक्का मारला, जरा जास्तच जोरात. मांजरीनं एक डोळा उघडून मिटला. फळी वर गेली.

ओढा ओलांडला, चढ चढला आणि पांगरी आली. वेशीजवळ झाडाला टांगलेली टपालाची तांबडी पेटी दिसताच शांतलिंग म्हणाला, "हरिबा, जरा थांबा."

तो उतरला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं पाकीट काढलं.

शरणम्माही उतरली. "कुणाला?"

"तुम्हाला."

"म्या हितंच उभी हाय. द्या हातात."

"नाही. पत्राचं उत्तर टपालानंच जातं. वर्षाचा उशीर झाला, निदान रीत तरी..."

"आत काय हाय?"

"एक अक्षर."

वाऱ्यानं पदर उडाला, तो तिनं दातांत धरला. मग विचारलं, "त्या एका अक्षराला एवढं जाड पाकीट?"

"कागदाच्या पाठीमागं... माझा एक प्रश्न आहे."

"कसला?"

"टपालानं येईल." त्याचे कान लाल झाले होते, पण आज तो तिच्याकडंच बघत होता. "हो किंवा नाही, एवढंच कळवा."

"वर्ष लावीन म्या. तुमच्यासारखं."

"लावा. मी वाट पाहीन. पाच दिवसांच्या पुढंही."

तिनं मान खाली घातली. खाली घातल्यामुळं तिला पाकिटाचा कोपरा दिसला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या तोंडावरचा राग हलला.

"अवो कारकून, तिकीट कुठलं लावलंय हे?"

त्यानं पाहिलं. निजामाचं तिकीट. सवयीनं, नाक्यावरच चिकटवलेलं. सगळी नोकरी सरहद्दीवर काढलेल्या माणसाला हे तिकीट ओढ्यापलीकडं चालत नाही हे आठवलं नव्हतं.

"बैरंग होईल, पैसे तुम्हाला भरावे लागतील," तो पुटपुटला आणि पाकीट मागं घ्यायला लागला. "मी दुसरं तिकीट आणतो, उद्या..."

शरणम्मानं त्याचं मनगट धरलं. भर रस्त्यात, हरिबाच्या आणि चौदा कुत्र्यांच्या देखत.

"उद्या न्हाय. आत्ता टाका. बैरंग येऊ द्या, म्या सोडवून घेईन."

आणि तिचा हात मनगटावर तसाच असताना त्यानं पाकीट पेटीच्या फटीत सरकवून सोडून दिलं.